गावात परदेशी पाहुणा मुक्कामी येतो तेव्हा : नवा कायदा, चोवीस तासांची मुदत आणि यजमानाने करायच्या नोंदी

पावसाळ्यात बंद असलेले ताडोबाचे गाभा क्षेत्र १ ऑक्टोबरला उघडते आणि मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी या प्रवेशद्वारांजवळच्या गावांतील खोल्यांची विचारणा सुरू होते. त्या पाहुण्यांत परदेशी पासपोर्टवाले थोडेच असतात, पण असतात. सेवाग्राम आणि पवनारच्या आश्रमांत अभ्यासक येतात, आनंदवनात स्वयंसेवक येतात, दीक्षाभूमीच्या दर्शनासाठी थायलंड, श्रीलंका, जपानमधून भिक्खू येतात आणि त्यांतील काही जण पुढे खेड्यापाड्यांतील विहारांत मुक्काम करतात. शिवाय अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला पुतण्या सुट्टीत बायको-मुलांसह वणीच्या नाहीतर दर्यापूरच्या घरी उतरतो, तो वेगळाच. यांपैकी प्रत्येक मुक्कामाची माहिती सरकारकडे गेली पाहिजे आणि ती पाठवण्याची जबाबदारी पाहुण्याची नसून त्याला छप्पर देणाऱ्याची आहे, हे आपल्याकडे अजून पुरेसे रुजलेले नाही. ‘त्याच्याकडे व्हिसा आहे, विमानतळावर तपासणी झाली आहे, मग आमचा काय संबंध’ हा प्रश्न अनेक यजमान विचारतात. या लेखात त्या संबंधाचा उलगडा करून, पाहुणा येण्याआधीपासून तो निघून जाईपर्यंत काय काय करावे ते क्रमाने सांगितले आहे.

कायद्यात नेमके काय बदलले

परदेशी नागरिकांविषयीचे आपले कायदे बहुतांशी इंग्रजांच्या काळातले होते. १९२० चा पासपोर्टविषयक कायदा, १९३९ चा परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा, १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट आणि त्यांच्या जोडीला विमान व जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० सालचा कायदा, असे चार कायदे एकाच विषयावर शेजारी शेजारी नांदत होते. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायद्याने हे चारही रद्द केले. नवा कायदा आणि त्याखालचे नियम १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहेत.

यजमानाच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती कळवण्याच्या ज्या फॉर्मला आजवर सगळे ‘सी फॉर्म’ म्हणत आले, त्याचे नव्या नियमांतील नाव ‘फॉर्म तीन’ असे झाले आहे. ठाण्यातील अंमलदार आणि हॉटेलवाले अजूनही सी फॉर्मच म्हणतात आणि पुढची काही वर्षे तसेच म्हणत राहतील, तेव्हा दोन नावे ऐकून गोंधळून जाऊ नये. दुसरी गोष्ट अशी की पाहुणा आल्यापासून चोवीस तासांच्या आत जशी नोंद करायची, तशीच तो गेल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याच्या जाण्याचीही करायची आहे. पूर्वी या दुसऱ्या नोंदीकडे कोणाचे फारसे लक्ष नसे. आता चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त इथेच आहे. तिसरी गोष्ट, परदेशी रुग्णाला दाखल करून घेणारी रुग्णालये आणि परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देणाऱ्या शिक्षणसंस्था यांच्यावरील माहिती देण्याचे कर्तव्य आता मूळ कायद्यातच स्वतंत्र कलमांनी सांगितले आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय यांच्याकडे यासाठी कार्यालयीन यंत्रणा असते; तालुक्याच्या गावातील लहान रुग्णालयाकडे ती नसते आणि सर्पदंश किंवा अपघाताच्या प्रसंगी परदेशी रुग्ण नेमका तिथेच आणला जातो.

पाहुण्याच्या बाजूलाही एक बदल झाला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी डिजिटल आगमन कार्ड सुरू झाले असून, भारतात उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांत ते ऑनलाइन भरता येते. त्यात भारतातील मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो. पाहुणा बुकिंग करताना तुमच्याकडे पूर्ण पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर मागू लागला तर त्याचे कारण हे असू शकते. ‘मु. पो. मोहर्ली’ एवढे कळवून भागत नाही. तालुका, जिल्हा आणि पिनकोड इंग्रजीत नीट लिहून पाठवावे, आणि पुढे फॉर्म भरताना तुम्ही स्वतःही पत्ता त्याच पद्धतीने लिहावा.

हे कोणाकोणाला लागू आहे

‘आम्ही काही हॉटेलवाले नाही’ ही पळवाट इथे चालत नाही. हॉटेल, लॉज, गेस्ट हाउस, धर्मशाळा, वसतिगृह, रुग्णालय, संस्था आणि खाजगी घर, जिथे जिथे परदेशी माणूस रात्री मुक्कामी राहतो त्या सर्व ठिकाणांच्या चालकांनी माहिती द्यावी, असेच इमिग्रेशन विभागाचे म्हणणे आहे. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत तुमचे घर नोंदलेले आहे की नाही, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आहे की नाही, हे वेगळे विषय आहेत. ते दाखले असल्याने ही नोंद टळत नाही आणि ते नाहीत म्हणूनही ती टळत नाही.

सर्वांत जास्त चूक आपल्याच माणसांच्या बाबतीत होते. गावात जन्मलेला, वऱ्हाडी बोलणारा, सातबाऱ्यावर अजून ज्याचे नाव आहे असा माणूस अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा नागरिक झाला की कायद्याच्या भाषेत तो परदेशी नागरिक होतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असेल, तर त्याला व्हिसा लागत नाही आणि नोंदणी कार्यालयात स्वतःची नोंदणी करण्यापासूनही सूट असते. मात्र ही सूट त्याची आहे. मुक्कामाची माहिती कळवण्याचे यजमानाचे काम त्याने संपत नाही. याहून नकळत घडणारा प्रकार लहान मुलांचा आहे. आई-वडील दोघेही भारतीय पासपोर्टवर असतात, पण बाळाचा जन्म अमेरिकेत झालेला असल्यामुळे त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा असतो. आजीच्या मांडीवर खेळणाऱ्या त्या बाळाचाही फॉर्म भरायचा असतो आणि तो कुटुंबाचा एकत्र नव्हे, तर त्याच्या एकट्याचा, कारण एका पासपोर्टला एक फॉर्म असा हिशेब आहे.

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांची गोष्ट निराळी आहे. आपल्या देशातून थेट भारतात येताना त्यांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे ढाब्यावर किंवा रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या नेपाळी माणसाकडे व्हिसा मागत बसू नये. त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि नोंद कशी करायची ते ठाण्यात विचारून घ्यावे. पाकिस्तानी नागरिकांचे नियम मात्र सर्वांत कडक आहेत. अकोला, अमरावती, नागपूरकडील सिंधी कुटुंबांत सिंधमधून नातेवाईक येण्याची जुनी रीत होती. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारने त्यांचे बहुतेक प्रकारचे व्हिसा रद्द केले, दीर्घ मुदतीचे व्हिसा तेवढे कायम ठेवले. असा पाहुणा असेल तर चोवीस तासांची वाट न पाहता आधी ठाणे गाठावे.

पाहुणा येण्याआधी करायचे काम : खाते उघडणे

फॉर्म भरण्याचे काम ‘इंडियन एफआरआरओ’ (एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांचे प्रादेशिक नोंदणी कार्यालय) या नावाच्या केंद्र सरकारी संकेतस्थळावर होते. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे याची खात्री करून घ्यावी, कारण व्हिसा आणि सी फॉर्म यांच्या नावाने पैसे घेणारी खाजगी संकेतस्थळेही शोधात वर दिसतात. खाते उघडायला किंवा फॉर्म भरायला सरकार शुल्क घेत नाही. कोणी सेवा केंद्रातून भरून घेतले तर त्याने त्याची मजुरी घेणे समजण्यासारखे आहे. ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागितले तर ते देऊ नयेत.

खाते उघडताना निवासस्थानाचे नाव, प्रकार, खोल्यांची संख्या, पूर्ण पत्ता, मालकाचे नाव, मोबाइल आणि ईमेल भरावे लागतात आणि जिल्हा निवडावा लागतो. हा अर्ज तुमच्या भागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो आणि त्याच्या मंजुरीनंतरच खाते चालू होते. नागपूर शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाकडे आहे. चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती ग्रामीण अशा ठिकाणी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातील जिल्हा विशेष शाखा ते पाहते. मंजुरीला काही दिवस लागू शकतात. म्हणूनच पाहुणा दारात उभा असताना खाते उघडायला बसू नये. हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी ते उरकावे. अर्ज अडकून राहिला तर आपल्या ठाण्यातील गोपनीय शाखेच्या अंमलदाराला भेटावे. कोणत्या टेबलावर काय अडले आहे हे त्याला माहीत असते आणि पुढे हंगामभर त्याच्याशी तुमचा संबंध येणारच असतो.

खाते घरातील ज्या मुलाच्या ईमेलवर उघडले, तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, हा प्रकार गावोगाव ऐकू येतो. त्यासाठी निवासस्थानाचा वेगळा ईमेल करावा आणि त्याचा पासवर्ड घरातील निदान दोन माणसांकडे असावा.

ज्यांच्याकडे वर्षाकाठी एखादाच परदेशी नातेवाईक येतो, त्यांनीही खाते उघडणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर पाहुण्याच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती घेऊन ठाण्यात जावे, लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेऊन ती प्रत जपून ठेवावी. पोलीस पाटलांना तोंडी सांगून ठेवणे चांगलेच, पण ती नोंद नव्हे.

बुकिंगच्या वेळीच पाहुण्याकडून पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाची आणि व्हिसाची प्रत मागवून घ्यावी. ताडोबाच्या सफारीचे आरक्षण करताना परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट क्रमांक लागतोच, त्यामुळे या मागणीचे त्याला नवल वाटत नाही. अर्धा फॉर्म अशा तऱ्हेने आधीच तयार होतो.

दारात : पासपोर्ट आणि व्हिसा कसा वाचावा

फॉर्ममधील चुका बहुतेक वेळा इथे, म्हणजे कागद वाचताना होतात, म्हणून या पायरीवर थोडे थांबले पाहिजे.

मूळ पासपोर्ट हातात घेऊन आधी फोटो आणि माणूस जुळतात का ते पाहावे. मग पानाच्या तळाशी असलेल्या, बाणाच्या टोकासारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळींकडे जावे. वरच्या ओळीत देशाच्या संक्षेपानंतर आधी आडनाव येते, त्यानंतर ती चिन्हे दोनदा येतात आणि मग दिलेली नावे येतात. फॉर्ममध्येही आडनावाचा आणि नावाचा रकाना वेगवेगळा असल्यामुळे, कोणते आडनाव आणि कोणते नाव याचा निकाल या ओळीवरून लावावा, पाहुण्याने रजिस्टरमध्ये केलेल्या सहीवरून नव्हे. थाई नावे लांबलचक असतात, काही इंडोनेशियन माणसांना एकच नाव असते, आणि भिक्खूंचे लोकांना माहीत असलेले नाव व पासपोर्टवरचे नाव पुष्कळदा वेगळे असते. विहाराच्या विश्वस्तांनी फॉर्मवर पासपोर्टवरचेच नाव घालावे. खालच्या ओळीच्या सुरुवातीला पासपोर्ट क्रमांक असतो. वर छापलेल्या क्रमांकात शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’ आहे असा संभ्रम पडला, तर या ओळीतील ठसा पाहून तो मिटतो.

तारखांचा घोळ अमेरिकन पाहुण्यांच्या बाबतीत ठरलेला असतो. ते आधी महिना आणि मग दिवस लिहितात. त्यांनी रजिस्टरात ०४/०६ असे लिहिले असेल तर ते ४ जून नसून ६ एप्रिल असते. पासपोर्टवर महिना बहुधा अक्षरांत छापलेला असतो, म्हणून जन्मतारीख आणि मुदतीच्या तारखा तिथूनच घ्याव्यात.

आता व्हिसा. आजकाल पर्यटकांपैकी अनेक जण ई-व्हिसावर येतात. ई-व्हिसावर भारतात उतरण्यासाठी ठरवून दिलेल्या विमानतळांत नागपूरचाही समावेश आहे. ई-व्हिसाच्या मंजुरीपत्रावर अर्ज क्रमांक आणि मंजुरीचा क्रमांक असे दोन निरनिराळे क्रमांक असतात. व्हिसा क्रमांकाच्या रकान्यात अर्ज क्रमांक टाकला गेला, की नोंद जुळत नाही. पासपोर्टमध्ये इमिग्रेशनचा शिक्का कोणत्या पानावर आहे ते शोधून भारतात आल्याची तारीख तिथून घ्यावी. पाहुणा म्हणतो तीच तारीख असेलच असे नाही, कारण मध्यरात्री मुंबईत उतरलेला माणूस हमखास एक दिवस मागे-पुढे सांगतो.

तीस दिवसांच्या ई-पर्यटन व्हिसाची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या मंजुरीपत्रावर जी मुदत संपण्याची तारीख छापलेली असते, ती भारतात कधीपर्यंत प्रवेश करता येईल याची असते. राहण्याचे तीस दिवस मोजायचे ते प्रत्यक्ष आल्याच्या दिवसापासून. त्यामुळे छापील तारीख उलटून गेलेली दिसली म्हणून पाहुण्याला लगेच बेकायदा ठरवू नये, आणि तारीख अजून पुढे आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. एक वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या ई-व्हिसांवर एका वेळी सलग किती दिवस राहता येईल याची मर्यादा वेगळी असते, तीही पाहावी.

फॉर्म भरणे आणि पाठवणे

खात्यात प्रवेश करून नवा फॉर्म उघडला की पाहुण्याचे नाव, लिंग, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, त्याच्या देशातील पत्ता, भारतातील पत्ता, पासपोर्टचा व व्हिसाचा तपशील, भारतात कधी आला, तुमच्याकडे येण्याआधी कुठे होता, तुमच्याकडे कोणत्या तारखेला किती वाजता पोहोचला, किती दिवस राहणार, कशासाठी आला आणि पुढे कुठे जाणार, असे रकाने येतात. फोटो जोडावा लागतो. मोबाइलवर काढलेला फोटो तसाच चढवायला गेल्यास आकार मोठा म्हणून तो नाकारला जातो, तेव्हा तो आधीच लहान करून ठेवावा.

‘कशासाठी आला’ या रकान्यात व्हिसाशी विसंगत काही लिहू नये, आणि खोटेही लिहू नये. विसंगती दिसत असेल तर ती फॉर्ममध्ये झाकण्याची गोष्ट नाही; त्याविषयी पुढे लिहिले आहे.

येथे एक सापळा आहे. भरलेला फॉर्म तात्पुरता साठवला की एक क्रमांक मिळतो आणि तो पाहून अनेकांना काम झाले असे वाटते. तो फॉर्म अजून गेलेला नसतो. शेवटचे ‘सबमिट’ केल्यावर जो अर्ज क्रमांक मिळतो, तोच खरा. तो रजिस्टरमध्ये पाहुण्याच्या नावासमोर लिहून ठेवावा आणि फॉर्मची प्रत उतरवून घ्यावी. काही ठाणी छापील प्रतही मागतात, ती द्यावी.

मेळघाटात सेमाडोह, कोलकासच्या बाजूला किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत मोबाइलला रेंज मिळणे हा नशिबाचा भाग असतो. चोवीस तासांची मुदत मात्र रेंज पाहून थांबत नाही. पाहुणा संध्याकाळी पोहोचला, पहाटे सफारीला गेला आणि दुपारी थकून झोपला, तर फॉर्म भरायला संध्याकाळ उजाडते आणि तोवर मुदत सरत आलेली असते. त्यावर व्यवहारी तोड अशी की, आधी मागवलेल्या प्रतींवरून फॉर्मचा बहुतेक मजकूर वहीत किंवा तात्पुरत्या रूपात तयार ठेवावा, पाहुणा आल्याबरोबर मूळ कागदांशी ताडून पाहावा आणि त्याच रात्री, नाहीतर पहाटे गाडी जिप्सी-थांब्याकडे जाईल तेव्हा रेंज असलेल्या ठिकाणाहून पाठवावा. दोन दिवस वीज-नेट दोन्ही बंद राहिलेच, तर ठाण्यात लेखी कळवून आवक शिक्का घ्यावा आणि जोडणी आल्यावर ऑनलाइन भरावे. नुसती ‘नेट नव्हते’ ही सबब नंतर टिकत नाही. शिक्क्याचा कागद टिकतो.

निघताना

पाहुणा निघाला की त्याच खात्यातून त्याच्या जाण्याची नोंद करायची. वेळ, तारीख आणि पुढचे ठिकाण एवढाच मामला आहे. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी गेला किंवा जास्त राहिला तरी प्रत्यक्षातलीच तारीख टाकावी. तुमच्या दप्तरी ‘अजून इथेच आहे’ असे दिसणारा माणूस पेंचला सिल्लारीजवळच्या दुसऱ्या होमस्टेत उतरला, तर एकच माणूस एकाच रात्री दोन ठिकाणी दिसतो, आणि विचारपूस आधी तुमच्याकडे होते. सोपी सवय म्हणजे बिल हातात देण्यापूर्वी नोंद करणे.

रजिस्टर आणि फॉर्मच्या प्रती किमान वर्षभर ठेवाव्यात. पासपोर्टच्या प्रती मात्र जिप्सीचालक, गाइड आणि घरचे लोक अशा सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत राहू देऊ नयेत. ज्याला क्रमांक हवा त्याला क्रमांक द्यावा. मूळ पासपोर्ट तर मुळीच ठेवून घेऊ नये, बिलासाठी तारण म्हणून तर नाहीच.

जास्त दिवसांचा मुक्काम

वर सांगितले ते यजमानाचे काम झाले. शिक्षण, नोकरी, संशोधन अशा कारणांनी १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला आल्यापासून १४ दिवसांत स्वतःची नोंदणीही करावी लागते, आणि व्हिसावर तसा शेरा बहुधा छापलेला असतो. ही प्रक्रिया त्याच संकेतस्थळावरील ‘ई-एफआरआरओ’ या सेवेतून ऑनलाइन होते. त्यासाठी मुंबईला खेपा घालण्याची गरज २०१८ पासून उरलेली नाही. त्याला निवासाचा पुरावा जोडावा लागतो. खोली भाड्याने देणाऱ्याने भाडेकरार किंवा पत्र द्यायला टाळाटाळ केली तर नोंदणी अडते, आणि तुम्ही भरलेला फॉर्मही तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

व्हिसा एका कामाचा आणि काम दुसरेच

संस्थांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. ई-पर्यटन व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, कोणताही मोबदला न घेता, स्वयंसेवी काम करता येते. त्यापुढचे काम, मानधन, शाळेत नियमित शिकवणे, संशोधनासाठी माहिती गोळा करणे, पत्रकारिता किंवा धर्मप्रचार यांसाठी वेगळे व्हिसा असतात. शेतकरी आत्महत्यांवर माहितीपट काढायला यवतमाळ जिल्ह्यात येणारे परदेशी चमू ‘आम्ही पर्यटक आहोत’ असे सांगत असतील, तर त्यांची सोय करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याने आधी त्यांचा व्हिसा पाहावा. विषय कितीही चांगला असला तरी अडचणीत तो कार्यकर्ताही येतो.

गडचिरोली जिल्ह्यातील दुर्गम भागात पाहुणा जाणार असेल, तर निघण्याआधी पोलिसांना कळवणे त्याच्याच सोयीचे असते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. देशातील अनेक तिबेटी वसाहतींत परदेशी माणसाला राहण्यासाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र परवाना लागतो, तेव्हा वसाहतीच्या कार्यालयात विचारल्याशिवाय तिथल्या मुक्कामाचा बेत आखू नये. वन्यजीव छायाचित्रकारांच्या सामानात कधी कधी सॅटेलाइट फोन किंवा ड्रोन निघतो. पूर्वपरवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात गुन्हा आहे आणि परदेशी व्यक्तींना ड्रोन उडवता येत नाही, हे पाहुण्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

काही बिघडले तर

मुदत संपलेला व्हिसा दिसला तर पाहुण्याला हाकलून देऊ नये आणि लपवूही नये. फॉर्म खऱ्या तारखांसह भरावा, ठाण्याला कळवावे आणि पाहुण्याला ई-एफआरआरओवर ताबडतोब अर्ज करायला सांगावे. नव्या कायद्यात व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त राहण्यास किंवा त्याच्या अटी मोडण्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास ५ वर्षे आणि ५ लाख, आणि बनावट कागद वापरल्यास किमान २ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ ते १० लाख दंड आहे. नियमांत तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवण्याचीही सोय आहे, पण स्वतःहून पुढे आलेल्याचे ऐकले जाण्याची शक्यता पकडले गेलेल्यापेक्षा अधिक असते. माहिती न देणाऱ्या यजमानालाही दंडाची तरतूद आहे.

पासपोर्ट हरवला तर क्रम ठरलेला आहे. आधी ज्या हद्दीत हरवला त्या ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. जंगलात पडला की रेल्वेत, हे ठाऊक नसेल तर शेवटचा कुठे पाहिला होता ते लिहावे आणि हद्दीवरून वाद घालत बसणाऱ्या अंमलदाराला वरिष्ठांशी बोलायला सांगावे. नंतर पाहुण्याने आपल्या देशाच्या मुंबईतील वकिलातीशी किंवा दिल्लीतील दूतावासाशी संपर्क साधून तात्पुरते प्रवासपत्र मिळवावे. तेवढ्याने तो देश सोडू शकत नाही. जुन्या पासपोर्टबरोबर व्हिसाही गेलेला असल्यामुळे ई-एफआरआरओवर बाहेर पडण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि त्या अर्जाला तक्रारीची प्रत, नवे प्रवासपत्र, जुन्या पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती व मुक्कामाचा पुरावा लागतो. यांतील शेवटच्या दोन गोष्टी अशा वेळी पाहुण्याकडे क्वचितच असतात, यजमानाच्या दप्तरी मात्र असतात. परतीच्या विमानाला चार दिवस उरले असतील, तर त्या त्याच दुपारी स्कॅन करून त्याच्या ईमेलवर पाठवाव्यात.